उन्हाचे मास्तर

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना चित्र काढता येत नव्हतं. हे मी आज बिनधास्त सांगते, कारण ते आता ऐकायला नाहीत. असते तर फूटपट्टी टेबलावर आपटून म्हणाले असते, "येत नाई म्हणजे काय व? मी काढत नाई!" आणि तेही खरं असेल म्हणा. पण तीन-साडेतीन वर्षांत त्यांनी फळ्यावर एक आंबा, एक कमळ, एक झोपडी काढलेली मी पाहिली नाही. एकदा एका पोरानं मोर काढून मागितला. मास्तरांनी खडू घेतला, शाळेपासून नाल्यापर्यंतचा रस्ता काढला, वाटेतली दोन वळणं काढली, नाल्याच्या पलीकडे एक फुली मारली आणि म्हणाले, "इथी सकाळी मोर येते. जाय, पाहून ये." पोरगा खरंच गेला. परत आला तो दुपारच्या सुट्टीनंतर, आणि हेडमास्तरांचा मार खाल्ला तो वेगळाच.

त्यांचा दोष नव्हता. तीस वर्षं त्यांनी आलापल्लीच्या जंगल कचेरीत नकाशे काढले होते. कोणत्या नाल्याला कुठून पाणी येतं, सागाचा कोणता पट्टा कुठे संपतो, बैलगाडीची वाट कुठे फुटते, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. नोकरी संपली तरी ते ब्रह्मपुरीकडच्या आपल्या गावी परत गेले नाहीत. गावी भाऊ होते, धानाची शेती होती, पण म्हणत, "तिथी सारं सपाट. नकाशा काय काढू, बांधाचा?" इकडे शाळेला चित्रकलेचा मास्तर हवा होता आणि या जंगलात यायला कोणी तयार नव्हतं. हेडमास्तरांनी यांना धरून आणलं.

ते अर्ध्या खाकी चड्डीवर काळा कोट घालत, चैत्रातसुद्धा. उजव्या कानावर लाल पेन्सिल आणि डाव्या कानावर निळी. चष्मा घातला की दोन्ही पेन्सिली पडत, त्या उचलायला वाकले की चष्मा पडे, आणि अर्धा तास याच उद्योगात जाई. खोडरबर त्यांच्या वर्गात चालत नसे. कोणाकडे सापडला तर खिडकीतून बाहेर. "झाडाची फांदी वाकडी गेली त झाड खोडते का?" असं त्यांचं म्हणणं. खिडकीखाली खोडरबरांचा खच पडलेला असे, आणि आम्ही शाळा सुटल्यावर ते वेचत असू.

आता माझ्या हातांचं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना उगाच अंदाज करत बसायला नको. माझ्या दोन्ही हातांची बोटं जन्मापासून तळव्यात वळलेली आहेत. मूठ उघडत नाही. आमचं घर भामरागडला, नदीवर मासे मारणाऱ्यांचं. आमच्यात पाच-सहा वर्षांचं पोर जाळ्याच्या गाठी मारायला शिकतं. माझ्या मायनं मोहाच्या तेलानं माझे हात किती चोळले असतील, त्याला गणती नाही. बोटं काही सुटली नाहीत. आठव्या वर्षी बाबानं मला आलापल्लीला आत्याकडे आणून सोडलं, कारण घरी माझा काही उपयोग नव्हता आणि इथं निदान शाळा होती. मी हे रागानं सांगत नाही. त्यानंही रागानं सोडलं नव्हतं.

मी दोन मुठींच्या मध्ये पेन्सिल धरून लिहायची. अक्षरं मोठी येत, वेळ लागे, पण येत. तोंडी हिशेबात तर मी वर्गात कोणाला ऐकत नसे. तोंडाळच होते मी, आजही आहे. चित्रकला मात्र मुठींनी होईना. रेघ ओढायला गेले की कागद सरके, कागद छातीनं दाबला की पेन्सिल निसटे. खालच्या वर्गांना चित्रकला वर्गाचे गुरुजीच शिकवत आणि गुणही तेच देत. आमच्या गुरुजींनी मग मला त्या तासाला वर्गाबाहेर काढायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्गातून मारोती निघाला, त्याला ऐकू येत नसे. तिसऱ्यातून सखू, तिला दिसत नसे. हेडमास्तरांनी आम्हा तिघांना गोळा करून मास्तरांच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "यांना तासभर बसवून ठेवा."

"बसवून ठेवाले मी का कोंबड्याचा खुराडा उघडला?" मास्तर म्हणाले.

मास्तर आमच्याशी गोड कधीच बोलले नाहीत. मारोतीशी कोणी ओरडून बोललं की ते खेकसत, "त्याले ऐकू येत नाई. तुले समजत नाई का?" आणि त्यांच्या खोलीत एक नियम होता. जो कोणी आत येऊन आमच्याकडे पाहून "बिचारी" म्हणेल, त्यानं विहिरीवरून एक बादली पाणी आणायचं. "डोयात पाणी आलं ना? मंग विहिरीचंबी आना." यात लहानमोठं नव्हतं. पोस्टमननं आणलं, हेडमास्तरांच्या बायकोनं आणलं. बाबा पहिल्यांदा मला भेटायला आला तेव्हा बोलण्याच्या ओघात दोनदा म्हणाला, तर त्यानं दोन बादल्या आणल्या. आलापल्लीत दयाळू माणसं भरपूर होती, त्यामुळे आमचं पिंप नेहमी भरलेलं असे.

त्या पाण्याचं काम होतं. जंगल कचेरीत नकाशाच्या प्रती काढायला एक पिवळट हिरवा कागद असे, काळ्या डब्यात गुंडाळून ठेवलेला. काचेच्या चौकटीत खाली तो कागद, वर आरपार दिसणाऱ्या पातळ कागदावरचा मूळ नकाशा, आणि चौकट उन्हात. ऊन लागेल तिथं कागदाचा रंग पालटतो, झाकलेला भाग तसाच राहतो. मग साध्या पाण्यात धुतला की सगळा कागद निळा आणि रेघा पांढऱ्या. मास्तरांनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी कचेरीतले त्या कागदाचे कापलेले तुकडे मागून आणले, एक फुटकी काच आणली, आणि आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "पेन्सिल कायले पायजे? सूर्य काढते चित्र. तुम्ही फक्त पान ठेवा."

आम्ही पानं ठेवली. सखूची बोटं शिरा चाचपून सांगत, हे धावड्याचं, हे बेहड्याचं, हे किडकं, फेका. मारोती धुवायचा, त्याच्याइतक्या हलक्या हातानं ओला कागद कोणाला उचलता येत नसे. मांडणी माझी. दोन मुठींत पान धरायचं, कागदावर सोडायचं, कोपरानं सरकवायचं, आणि गवताचं बारीक पातं असेल तर फुंकर मारून जागेवर न्यायचं. आणि चौकट उन्हात ठेवली की पाहत बसायचं काम पण माझंच. कागद लवकर काढला तर सगळं धुऊन जातं, उशिरा काढला तर ऊन पानातून आरपार जाऊन पानही निळं होतं. कधी काढायचा ते कडेचा रंग सांगतो. आधी शेवाळासारखा, मग गढूळ निळा, आणि शेवटी थंड चुलीतल्या राखेसारखा. राख दिसली की काढायचा. मास्तर म्हणत, "घाई करान त धुऊन जाईन." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं असेल की मारोतीला ते ओठांवरून पाठ झालं होतं.

पहिलं पान निघालं ते पळसाचं. पांढरं स्वच्छ, निळ्यावर. हे मी केलं, यावर माझाच विश्वास बसेना. मी ते आत्याला दाखवलं तर ती म्हणाली, "कोनाचं आणलं व?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आता त्या नकाशाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. मास्तर शनिवारी कचेरीत कामाला हात लावायला जात. कधी गर्दी नसली तर तिथली मोठी चौकट आम्हालाही वापरू देत. एका शनिवारी आमचं टेंभुर्णीचं एक पान चौकटीच्या कोपऱ्यात, काचेला चिकटून राहून गेलं. सोमवारी चपराशानं त्यावरच सागाच्या जंगलाचा नकाशा लावला. प्रत निघाली आणि रेंजर साहेबांच्या टेबलावर गेली. सगळा नकाशा निळा, आणि दाट सागाच्या मधोमध भलामोठा पांढरा डाग. साहेब उठूनच उभे राहिले. जंगल तोडलं कोणीतरी! दोन गार्ड पिटाळले. गार्ड दोन दिवस जंगल तुडवून आले. तिथं काही असेल तर सापडणार ना! पण साहेबांसमोर उभे राहिल्यावर 'काही नाही' म्हणायची त्यांची छाती होईना. मोठा गार्ड म्हणाला, "साहेब, आहे थोडसंक मोकळं."

तसा अहवालही लिहिला गेला. शनिवारी मास्तरांच्या नजरेस तो नकाशा पडला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हे सरळ आत गेले आणि म्हणाले, "साहेब, हे टेंभुर्णीचं पान होय. हा पाहा देठ." रेंजर साहेब आधी मास्तरांवर ओरडले, मग गार्डवर, मग कोणावर ओरडावं ते समजेना म्हणून दारावर. शेवटी त्यांनी कपाटातला जुना, मुदत संपलेला कागदाचा एक गुंडाळा मास्तरांपुढे टाकला आणि सांगितलं की हा घ्या आणि पुन्हा कचेरीत पाय ठेवू नका. मास्तर तो छातीशी धरून आले. वाटभर हसत होते म्हणे. पण त्यानंतर आम्हाला नवा कागद कधी मिळाला नाही, आणि जुना कागद भारी आळशी. ताज्याला जिथं घटकाभर ऊन पुरे, तिथं याला चौपट लागे. पावसाळ्यात ओल लागून त्यातलाही बराच वाया गेला.

मी चौथी पास झाले त्या वर्षी हेडमास्तरांनी माझं नाव पाचवीत घातलं नाही. सगळ्या विषयांत पास होते, पण चित्रकला-हस्तकलेत भोपळा. "एका विषयात शून्य असेल तर वरच्या वर्गात नाव चढवता येत नाही," ते म्हणाले. मास्तर त्यांच्याशी भांडले. त्यांनी निळे कागद नेऊन टेबलावर पसरले. हेडमास्तर म्हणाले, "हे तिनंच केलं कशावरून? आणि यात हाताचं काम कुठं आहे? शाळा तपासायला डिपोटी साहेब येतील, त्यांनी हो म्हटलं तर माझी ना नाही." हेडमास्तर वाईट माणूस नव्हता, नियमाला घाबरायचा एवढंच. मी पाचवीच्या वर्गाच्या पडवीत बसून आतलं ऐकत राहिले. जून गेला, आषाढ गेला.

श्रावणात बाबा आला. गावची एक गाडी मीठ न्यायला आली होती, तिच्यासोबत. त्यानं हेडमास्तरांना विचारलं, पोरीचं काय? नाव नाही, हे कळल्यावर तो म्हणाला, "मंग नेतो तिले. नदी चढून राह्यली. उद्या निघालो नाई त गाडी जात नाई." आत्यानं रात्रीच माझं गाठोडं बांधलं. मी बाबाचे पाय धरले असते, पण मला धरता येत नाही. मी नुसती रडले. भामरागडचा रस्ता एकदा बंद झाला की दिवाळीशिवाय उघडत नाही, आणि दिवाळीनंतर मला कोण परत आणतं? घरी वहिनीला दोन लेकरं होती आणि तिसरं पोटात. ती लेकरं राखायला माझे हात चालले असते. गेले असते तर गेलेच असते, हे बाराव्या वर्षीसुद्धा मला स्वच्छ कळत होतं.

आणि दुसऱ्या दिवशीच सकाळी डिपोटी साहेब जीप घेऊन हजर! मास्तरांनी त्यांना जीपमधून उतरूही दिलं नाही. "साहेब, एक पोट्टी आहे. पाचवीची आहे, पण नाई. तुम्ही पाहा." साहेब तसे बरे होते, गोंधळले फक्त. हेडमास्तरांनी सारं समजावून सांगितलं. साहेबांनी माझ्या हातांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझ्यासमोर करू दे. कोणी मदत करायची नाही. पण मला एक वाजता निघायचं आहे, पुढचा नाला भरला तर मी इथंच अडकेन."

साडेअकरा वाजले होते. आभाळ गच्च भरलेलं. ऊन नावालाही नाही. मास्तरांनी डबा उघडला तर धड असा एकच कागद निघाला.

पानं मी एकटीनं निवडली. सखू दारात उभी राहून नखं खात होती. मी बांबूची तीन पानं घेतली, सागाचं एक कोवळं, आणि गवताचा एक तुरा. मुठींत धरून ठेवली, कोपरानं सरकवली, तुरा फुंकरीनं जागेवर नेला. काच दोन मनगटांवर उचलून वर ठेवली आणि चौकटीचे खिट्टे हनुवटीनं लावले. चौकट अंगणात नेऊन ठेवली आणि शेजारी मांडी घातली. पलीकडे मोहाच्या झाडाखाली बाबा बसला होता, मांडीवर माझं गाठोडं. गाडीवाला बैलांना पाणी पाजत होता.

बारा वाजले. कागद शेवाळासारखा. साहेबांनी चहा घेतला. साडेबारा. शेवाळच. मधे एकदा ढग थोडा विरला, लगेच पुन्हा दाटला, आणि मी वर पाहून मनात देवाला नको ते बोलले. हेडमास्तर खोकत होते. आणि आमचे मास्तर, जे आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला शिकवत आले, ते अंगणात येरझारा घालत होते. दोन्ही पेन्सिली कधीच पडल्या होत्या, एक त्यांच्याच पायाखाली मोडली. त्यांना घाम फुटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

एकला पाच मिनिटं होती. ड्रायव्हरनं जीप चालू केली. मास्तर माझ्याजवळ वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काढ व. काढ आता. जसं येईन तसं येईन."

मी कड पाहिली. गढूळ निळी झाली होती. राख नव्हती.

"नाई मास्तर. आता नाई."

"साहेब निघून राह्यले ना व!"

"निघू द्या," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "आता काढलं त धुऊन जाईन. मंग काय दाखवू त्यायले?"

मास्तरांना मी त्याआधी कधी उलटून बोलले नव्हते. ते मटकन माझ्या शेजारी, ओल्या मातीत, काळ्या कोटासकट बसले. "खरं होय," एवढंच म्हणाले.

साहेबांनी ऐकलं होतं. ते येऊन चौकटीपाशी उकिडवे बसले. "कशाची वाट पाहतेस?"

"राखेचा रंग यायची."

"आत्ता कोणता आहे?"

"गढूळ पाण्याचा."

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "मला तर काही फरक दिसत नाही."

"मले दिसते," मी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मागे वळून ड्रायव्हरला हात केला, आणि जीप बंद झाली. तो आवाज थांबला तेव्हा मला जे वाटलं ते सांगता यायचं नाही.

सव्वाला कडेवर राख आली. मी खिट्टे हनुवटीनं उघडले, काच उचलली, पानं फुंकून उडवली आणि कागद दोन मनगटांवर घेऊन पिंपाजवळच्या घमेल्यात सोडला. पाणी हिरवं झालं. एक क्षण कागदावर काहीच नव्हतं. मग निळं वर यायला लागलं, हळूहळू, आणि त्यात बांबूची तीन पानं, सागाचं एक, आणि गवताच्या तुऱ्याचा एकेक केस पांढरा. जुना कागद होता, पांढरं थोडं मळकट आलं. पण आलं! मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. दारातून सखू ओरडत होती, "आलं का? कोनी सांगा ना, आलं का?" आणि मारोती तिच्या तळहातावर बोटानं पानं काढून दाखवत होता.

साहेबांनी हेडमास्तरांना वही आणायला सांगितली आणि स्वतःच्या हातानं शून्य खोडून आकडा लिहिला. हेडमास्तरांनी तिथल्या तिथं, पायरीवर बसून, पाचवीच्या पटावर माझं नाव घातलं. दौत मिटताना ते म्हणाले, "सुटलो बुवा." त्यांचा तो सुस्कारा खोटा नव्हता. साहेबांची जीप गेली आणि नाल्यातून पारही झाली, असं संध्याकाळी कळलं.

मास्तर मोहाच्या झाडाकडे गेले. कोटाला मागे सगळा चिखल लागलेला. "गाठोडं खाली ठेवा, भाऊ. पोट्टी राह्यते."

बाबा उठला. त्यानं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला राग आला असेल, असं मला वाटलं होतं. पण तो नुसता मोकळा दिसत होता, जाळं ओढून झाल्यावर दिसायचा तसा. गाठोडं त्यानं माझ्या पायाशी ठेवलं. म्हणाला, "तुह्या मायले काय सांगू?"

"पाचवीत आहे म्हणा."

"ते नाई समजत तिले," तो म्हणाला. मग थोडा घुटमळला. "ते पानं देतं का?"

कागद अजून ओला होता, गुंडाळता येत नव्हता. बाबानं तो दोन्ही पसरलेल्या हातांवर घेतला आणि तसाच, हात पुढे धरून, गाडीत चढला. गाडी निघाली. माझा बाप मला न घेता चालला होता आणि मला इतकं हायसं वाटत होतं की माझीच मला लाज वाटली. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी.

"काऊन व?" मागून मास्तर खेकसले. ते मोडकी पेन्सिल चाचपडत जमिनीवर वाकले होते. "वर्ग सुरू आहे ना तुहा? बाहेर काय करून राह्यली?"

मी गाठोडं काखेत मारलं आणि पाचवीच्या वर्गात गेले. मुलींच्या रांगेत कोणी सरकून जागा देईना. मी कोपरानं दोघींना ढकललं आणि बसले.